गावाखालची पोकळी: कूम डाउनच्या दगडखाणींचं प्रकरण

1989 साली इंग्लंडमधल्या बाथ शहराच्या दक्षिण टेकडीवर, कूम डाउन नावाच्या वस्तीत, एका कंत्राटदाराची माणसं रस्त्यात चर खणत होती. नळ किंवा तारा टाकायच्या तर खणावंच लागतं, त्यात काही विशेष नव्हतं. खणता खणता चराचा तळच फुटला आणि खाली जुन्या दगडखाणीचं दालन निघालं.

आपल्या पायाखाली खाणी आहेत हे गावाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. कूम डाउन वसलं तेच मुळी दगडाच्या जोरावर. पण 'खाली खाण आहे' हे ऐकून माहीत असणं वेगळं आणि आपण रोज ज्यावरून गाडी नेतो ते छत किती पातळ आहे हे कळणं वेगळं. पुढच्या काही वर्षांत माणसं आत उतरवून मोजणी झाली. खाणींच्या सुमारे 80 टक्के भागावर 6 मीटरपेक्षा कमी जाडीचं छत होतं. काही ठिकाणी ते जेमतेम 2 मीटर होतं. त्याच्याखाली सरासरी 5 मीटर, क्वचित 8-9 मीटर उंचीची दालनं होती. आणि वर घरं, रस्ते, बागा.

गावाखालच्या या दोन मुख्य खाणींची नावं फर्स आणि बायफील्ड. त्यांची हकीकत सांगायची तर आधी तो दगड समजून घ्यावा लागतो, कारण या प्रकरणातली जवळजवळ प्रत्येक अडचण त्या दगडाच्या गुणातून आली आहे. दोषातून नव्हे, गुणातून.

गाबोळीसारखा दगड

या चुनखडकाला ऊलाइट म्हणतात. ग्रीक भाषेत 'ऊऑन' म्हणजे अंडं. भिंग लावून ताजा तुकडा पाहिला तर नाव का पडलं ते लगेच कळतं: माशाची गाबोळी दाबून वाळवावी तसा तो दिसतो. बारीक, गोल, एकमेकांना चिकटलेले दाणे. एकेक दाणा 2 मिलिमीटरपेक्षा लहान, बरेचसे रव्याच्या कणाएवढे.

हे दाणे उथळ, उबदार आणि सतत हलत्या समुद्रात तयार होतात. शिंपल्याचा एखादा कण तळावर लाटांबरोबर मागेपुढे लोळत राहतो. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम कार्बोनेट त्याच्यावर थरावर थर चढवत जातं, थेट कांद्यासारखं. लोळत राहिल्यामुळे थर सगळीकडून सारखा बसतो, म्हणून दाणा गोल होतो. बहामा बेटांभोवतीच्या उथळ पाण्यात हे आजही चालू आहे. बाथजवळचे दाणे मध्य ज्युरासिक काळातले, साधारण 16 ते 17 कोटी वर्षांपूर्वीचे. त्या कालखंडाला भूशास्त्रज्ञ 'बाथोनियन' म्हणतात, ते याच बाथ शहराच्या नावावरून.

नंतर दाण्यांमधल्या फटींत कॅल्साइट साचून ते जोडले गेले, पण सगळ्या फटी भरल्या नाहीत. त्यामुळे दगड सच्छिद्र राहिला. दाणे सगळीकडे सारखेच, म्हणून दगडाला ठरावीक दिशेने फुटण्याची खोड नाही. पाथरवटाने आडवा कापला काय, उभा कापला काय, तो कुरकुर न करता कापला जातो. असा घडाईचा दगड मिळणं म्हणजे पाथरवटाचं भाग्य. खाणीतून नुकता काढलेला दगड ओलसर असतो आणि लाकडासारखा करवतीने कापता येतो. हवेत वाळताना आतल्या ओलीबरोबर आलेला चुना पृष्ठभागाशी साचतो आणि दगड वरून कठीण होतो. मात्र ओला असतानाच कडाक्याच्या थंडीत सापडला तर आतलं पाणी गोठून त्याचे कपचे उडतात, म्हणून हिवाळ्यात काढलेला माल वसंतापर्यंत खाणीतच रचून ठेवायची तिथली पद्धत होती.

आम्ही सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर वाढलेली माणसं. बेसाल्टवर छिन्नी चालवून ज्याचे हात भरून आलेत, त्याला करवतीने दगड कापण्याची कल्पना थोडी फसवणुकीसारखीच वाटते. तसा जवळचा नातलग आपल्याकडे आहे. मुंबईच्या फोर्टातल्या जुन्या इमारतींना सौराष्ट्रातून आणलेला पोरबंदरी दगड वापरला आहे, तोही बारीक गोलसर कणांचा मऊ चुनखडक.

पोस्टमास्तर आणि त्याची गाडीवाट

या दगडाचा धंदा मोठा केला तो राल्फ ॲलन या माणसाने. जन्म 1693, मूळचा कॉर्नवॉलचा, आणि 1712 पासून बाथचा पोस्टमास्तर. टपालवाटांचं कंत्राट घेऊन त्याने पैसा केला. 1727 साली एव्हन नदी ब्रिस्टलपासून बाथपर्यंत नावांसाठी खुली झाली आणि तिथेच ॲलनची नजर गेली. त्याच सुमारास त्याने कूम डाउनच्या खाणी विकत घेतल्या. दगड जड असतो, त्याची किंमत खाणीत ठरत नाही, वाहतुकीत ठरते. म्हणून त्याने टेकडीच्या माथ्यापासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत लाकडी रुळांची गाडीवाट बांधून घेतली. 1731 पर्यंत ती चालू झाली होती. भरलेल्या गाड्या उतारावरून स्वतःच्या वजनाने खाली जात आणि रिकाम्या गाड्या घोडे वर ओढून आणत. दगड स्वस्त झाला आणि बाथ शहर त्याच दगडात उभं राहिलं. क्वीन स्क्वेअर, सर्कस, रॉयल क्रेसेंट या मधाच्या रंगाच्या घरांच्या देखण्या रांगा पाहायला लोक आजही जगभरातून येतात. त्या उभारणीत या टेकडीचा मोठा वाटा आहे.

लंडनची बाजारपेठ मात्र त्याच्या हाती लागली नाही. ग्रीनिचच्या इस्पितळासाठी त्याने आपला दगड पुढे केला, तेव्हा विरोधकांनी बाथच्या दगडाची तुलना किडे पडणाऱ्या चेशायर चीजशी केली. काम पोर्टलंडच्या दगडाला गेलं. पोर्टलंडही ऊलाइटच, पण अधिक घट्ट. त्या पोर्टलंड दगडाचा एक नमुना आपल्या घरातच आहे: मुंबईच्या हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन, 1864 साली उभं राहिलेलं. आणि आपण त्यावर वर्षानुवर्षं पांढरा ऑइलपेंट फासत राहिलो. श्वास घेणाऱ्या दगडाला रंगाने गुदमरवू नये हे पुढे जीर्णोद्धाराच्या वेळी लक्षात आलं. तो वेगळा विषय, पण राहवलं नाही.

खांब कसे बारीक झाले

चांगला थर जमिनीच्या वरवर नव्हता. त्याच्यावर हलका, तुटका दगड होता. तो सगळा उपसण्यापेक्षा बाजूने शिरून चांगला थर तेवढा काढायचा आणि छत धरायला मध्ये मध्ये दगडाचेच खांब सोडायचे, ही रीत. कोळशाच्या खाणीतही पूर्वी असंच करत. ॲलनच्या हयातीत खांब बऱ्यापैकी शिस्तीत सोडले गेले. 1764 साली तो गेला. पुढे खाणी लहान लहान खाणवाल्यांच्या हातात विखुरल्या आणि मोह आवरणं कठीण झालं.

मोह कसला? नवीन भागात शिरायचं तर वाट काढा, छत तपासा, माल लांबून ओढून आणा. आणि इथे मात्र आधीच मोकळ्या झालेल्या दालनात, गाडीवाटेला लागून, उत्तम प्रतीचा दगड खांबाच्या रूपाने उभा! चारही बाजूंनी करवत लावता येते. बेसाल्टचा खांब कुणी असा कुरतडायला गेला नसता, मेहनतच परवडली नसती. हा दगड कुठूनही कापता येतो, म्हणूनच त्याचे खांब चोरले गेले.

आता एक साधं गणित. छत 6 मीटर जाड धरलं तर दर चौरस मीटरवर साधारण 13 टन वजन येतं. खाणीतला तीन चतुर्थांश दगड काढला असं धरलं तर उरलेल्या एका भागावर चौपट, म्हणजे सुमारे 53 टन. कोरडा बाथ दगड चौरस मीटरला हजार टनांच्या आसपास दाब सहज सोसतो. म्हणजे हिशेबाने खांब चिरडायचं काही कारणच नाही. माझ्या मते या प्रकरणात लोक गाफील राहिले ते इथेच. पन्नास-शंभर वर्षं उभं आहे, पुढेही राहील, असं वाटायला हे गणित पुरेसं आहे.

धोका चिरडण्याचा नव्हताच. खांब तासला की दोन खांबांमधलं अंतर वाढतं आणि छताच्या फळीवरचा वाकण्याचा ताण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट झालं तर ताण चौपट. त्यात छत अखंड नाही, त्यात नैसर्गिक चिरा आहेत. बाथभोवतीच्या टेकड्या दरीकडे हळूहळू कलत गेल्याने काही चिरा तर चांगल्याच रुंदावलेल्या आहेत. बारीक आणि उंच खांबात तिरकी चीर असेल तर वरचा भाग पाचरीसारखा घसरतो. शिवाय सच्छिद्र दगड ओला झाला की कोरड्याएवढा ताकदवान राहत नाही.

छत पडायला लागलं की पुढे काय होतं, हे या प्रकरणाचं मर्म आहे. पडलेला दगड ढिगाऱ्यात मूळच्यापेक्षा जास्त जागा घेतो, साधारण सव्वा ते दीडपट. म्हणून खोल खाणीत छत कोसळत कोसळत वर चढतं, पण काही अंतरावर ढिगारा फुगून पोकळी भरून टाकतो आणि कोसळणं आपोआप थांबतं. 5 मीटर उंचीचं दालन असं स्वतःच भरून निघायला दीडपट फुगवटा धरला तरी वर किमान 10 मीटर दगड हवा, फुगवटा कमी असेल तर त्याहून जास्त. कूम डाउनला तो 6 मीटर होता, काही ठिकाणी 2. म्हणजे एकदा सुरू झालेलं कोसळणं थांबवायला मध्ये काहीच नव्हतं. ते थेट कुणाच्या तरी अंगणात उघडलं असतं.

पर्याय

काहीच न करणं हा पर्याय कागदावर सगळ्यात स्वस्त. पण घराखाली खाण आहे हे नोंदीवर आल्यावर विक्री आणि कर्ज दोन्ही अवघड होतात, आणि पोकळी काही स्वतःहून लहान होत नाही. ठिकठिकाणी टेकू देणं हा दुसरा. पोलादी टेकूंना गंज लागतो, त्यांची देखभाल कायमची मागे लागते आणि दोन टेकूंमधलं छत तसंच राहतं. गाव उठवून दुसरीकडे वसवणं हा तिसरा. त्याची तुलना पुढे पैशांच्या हिशेबात येईल.

राहिला भराव. पोकळीच नाहीशी करायची. बाथच्या स्थानिक परिषदेने तोच मार्ग धरला. पैसा स्थानिक परिषदेच्या आवाक्यातला नव्हताच. कोळसा सोडून इतर जुन्या खाणींसाठी केंद्र सरकारची एक जमीन-स्थिरीकरण योजना होती, तिच्यातून 15 कोटी 46 लाख पौंडांचं अनुदान मंजूर झालं. मुख्य काम 2005 च्या अखेरीस सुरू झालं आणि 2009 च्या नोव्हेंबरपर्यंत भरणी पुरी झाली. पहिला चर फुटल्यापासून वीस वर्षं.

आत शिरायचं कसं हाच आधी प्रश्न. ज्या छताचा भरवसा नाही त्याखाली माणसं कामाला लावायची. खाणकामगारांच्या तुकड्यांनी पोलादी चौकटींच्या सुरक्षित वाटा उभारत पुढे जायचं, आजूबाजूचं छत जाळी-टेकूंनी धरायचं आणि मगच भरणी. गावातलं फर्स फील्ड हे मोकळं मैदान कामाचा तळ झालं. ज्या मैदानावर मुलं खेळायची, तिथे काही वर्षं यंत्रं घरघरत होती.

भरलं ते फेसाळ काँक्रीट. सिमेंटच्या पातळ मिश्रणात फेस मिसळायचा, म्हणजे घट्ट झाल्यावर आत असंख्य बारीक बुडबुडे राहतात. ते हलकं असतं, पाण्यासारखं वाहतं, वाकड्यातिकड्या कोपऱ्यांत आपलं आपण शिरतं आणि छतापर्यंत चढवता येतं. साध्या काँक्रीटचं वजन खालच्या थरावर आणि आडव्या बांधांवर नाहक आलं असतं. एका वेळी सगळं ओतता येत नाही. आडवे बांध घालून भाग पाडायचे आणि थराथराने भरायचं. अशा सुमारे 15,000 ओतण्या झाल्या, सरासरी 40 घनमीटरची एक. एकूण भरणी सुमारे 6,00,000 घनमीटर. आपल्या रस्त्यांवर फिरतो तो काँक्रीटचा गोल फिरता ट्रक 6 घनमीटरचा धरला तर एक लाख ट्रक. सुमारे 25 हेक्टर क्षेत्रावर हे सगळं पसरलं तर सरासरी 2.4 मीटर जाडीचा थर होतो.

वटवाघळं, झरे आणि आधीची माणसं

पोकळी भरायची एवढंच असतं तर हे प्रकरण निव्वळ काँक्रीटचं राहिलं असतं. पण दोन-अडीचशे वर्षांत ती पोकळी दुसऱ्या कुणाची झाली होती.

खाणीत वटवाघळं राहत होती. नाकावर घोड्याच्या नालेच्या आकाराची पाळ असलेल्या जातीची, मोठी आणि लहान दोन्ही. ब्रिटनमध्ये ही दुर्मीळ आहेत आणि त्यांच्या निवाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. स्थिर तापमानाच्या अंधाऱ्या खाणी म्हणजे त्यांची हिवाळी झोपेची जागा. त्यामुळे त्यांच्यासाठी खास बोगदे राखून ठेवावे लागले आणि काम त्यांच्या झोपेच्या वेळा सांभाळून करावं लागलं. 'वटवाघळांसाठी कोट्यवधी खर्च' असा सूर अशा वेळी निघतोच, आपल्याकडेही निघाला असता. मला मात्र तो खर्च वाजवी वाटतो. माणसांनी आपल्या पोकळीकडे पाठ फिरवली होती तेव्हा तिचा उपयोग त्यांनीच केला.

दुसरं पाणी. सच्छिद्र, चिरांचा चुनखडक म्हणजे चाळणी. टेकडीवर पडलेलं पाणी खाणींतून झिरपत खाली दरीतल्या झऱ्यांना जातं, आणि टकिंग मिलजवळचं पाणी पुरवठ्यासाठी वापरलं जातं. सगळीकडे काँक्रीट ओतलं असतं तर वाट अडली असती किंवा वाहत्या पाण्यात सिमेंट मिसळलं असतं. म्हणून काही भागांत पाणी झिरपू देणारा बारीक चुनखडक वापरला गेला.

टकिंग मिलचं नाव आलं की विल्यम स्मिथची आठवण येते. जीवाश्मांवरून खडकांचे थर ओळखता येतात हे ज्याने दाखवलं आणि 1815 साली इंग्लंड-वेल्सचा पहिला मोठा भूशास्त्रीय नकाशा काढला, तो हाच. टकिंग मिलला त्याची जागा होती. त्याने कूम डाउनवर दगडाची खाण काढली, दगड अपेक्षेएवढा चांगला निघाला नाही, धंदा बुडाला आणि कर्जापायी 1819 मध्ये त्याला लंडनच्या तुरुंगात जावं लागलं. थरांचा सगळ्यात मोठा जाणकार याच टेकडीच्या थरांत फसला.

तिसरी गोष्ट त्या पोकळीतच होती. पुरातत्त्वज्ञांनी भरणीच्या आधी आत जाऊन नोंदी केल्या: गाड्यांच्या चाकोऱ्या, हत्यारांचे वार, भिंतींवरच्या खुणा. आपल्याकडे दगड काढून उरलेल्या पोकळीला लेणं म्हणतात आणि ती पोकळी हेच काम असतं. कूम डाउनला पोकळी हा कामाचा मागे राहिलेला साचा होता. पण बाथसारख्या शहराचा साचा, तोही अठराव्या शतकातला, काही कमी मोलाचा नव्हे. नोंदी, छायाचित्रं, नकाशे झाले आणि बहुतेक भाग कायमचा बुजला. निर्णय बरोबर होता असं मी म्हणेन, पण काँक्रीटची भरणी उलट फिरवता येत नाही. थोडा भाग दगडी बांधकामाने धरून उघडा ठेवला असता तर किती बरं झालं असतं, असं वाटत राहतं. वर घर असलेल्या माणसाला हे सांगून पाहा मात्र.

हिशेब

सुमारे 760 मालमत्ता सुरक्षित झाल्या. अनुदानाला त्या संख्येने भागलं तर मालमत्तेमागे जवळपास 2 लाख 3 हजार पौंड. त्या रकमेत तेव्हा इंग्लंडात चांगलं घर विकत मिळालं असतं. मग घरंच का घेतली नाहीत? कारण घरं घेतली तरी पोकळी तिथेच राहिली असती. रस्ते, झरे, वटवाघळं आणि जागतिक वारसा म्हणून 1987 पासून जपलेल्या शहराचा एक तुकडा, सगळं कुंपण घालून सोडून द्यावं लागलं असतं. घर मोजता येतं म्हणून भागाकार घरांनी केला, पण वाचलं ते गाव.

दुसरा हिशेब अधिक अवघड आहे. दगडाचा नफा ॲलनने आणि त्याच्यानंतरच्या खाणवाल्यांनी घेतला. देखणं शहर बाथने घेतलं. भरणीचं बिल एकविसाव्या शतकातल्या करदात्याने भरलं, ज्यातल्या बहुतेकांनी कूम डाउनचं नावही ऐकलं नसेल. खांब कुरतडणाऱ्यापाशी कुणी वसुलीला जाऊ शकलं नाही, कारण ज्याच्याकडून वसूल करावं असं कुणी उरलंच नव्हतं. जुन्या खाणींच्या बाबतीत हे जवळजवळ नेहमीच असं होतं. म्हणूनच खाण चालू असताना, नफा येत असताना, बंद करतेवेळच्या खर्चाची रक्कम आधी बाजूला काढून घ्यावी असा आग्रह हल्लीच्या खाण-नियमनात धरला जातो.

गावात आता बाथच्या दगडावरचं एक छोटं संग्रहालय आहे. आणि गावाच्या कडेला, उघड्यावर, अजून एक खाण चालू आहे. बाथमधल्या एखाद्या जुन्या इमारतीची कड झिजली, कोपरा उडाला की तसाच दगड लागतो. तो त्याच थरातून, तेच गाबोळीसारखे दाणे असलेला, आजही कापून दिला जातो.